नक्षत्रांचा पाऊस की हवामान विभागाचा पावसाळा?

हवामान विभागाचा पावसाळा 1 जून ते 30 सप्टेंबर. नक्षत्रांचा 7-8 जूनला मृगापासून सुरू होतो. सूर्य एका नक्षत्रात 13-14 दिवस असतो. विभाग पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतो: दिवसात 2.5 मिमी झाला तरच तो ‘पावसाचा दिवस’. नक्षत्रांत मात्र पावसाला वय आहे. पुनर्वसूचा तरणा, पुष्याचा म्हातारा, हस्ताचा हत्तीचा. म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली, हस्त नक्षत्रातली गडगडाटी सर विभागाच्या नोंदीत ‘मान्सूनोत्तर’ ठरते, आणि गावात ‘हत्ती बरसला’ म्हणून तिची वाटच पाहिलेली असते. पाऊस तोच, अपेक्षा वेगळी.

पेरणीला मात्र नक्षत्र पुरत नाही. मृग लागला म्हणून धूळपेरणी (पावसाआधी कोरड्या मातीतली पेरणी) केली आणि पुढे उघडीप पडली, तर बी उगवून करपतं. दुबार पेरणी गळ्यात येते. 75 ते 100 मिमी पाऊस होऊन ओल खोल गेल्यावरच चाड्यावर मूठ धरावी, म्हणजे पेरणी करावी. शिवाय नक्षत्रं ऋतूंच्या मानाने साधारण 72 वर्षांत एक दिवस पुढे सरकतात, त्यामुळे जुने ठोकताळे हळूहळू चुकत जातात. तरी पावसाचा पोत ओळखायला तरणा-म्हाताऱ्याइतके नेमके शब्द विभागाकडे नाहीत.