टेपचे डायपर, आठ महिन्यांनंतर: माझं सगळं लक्ष चिकटपट्टीवर

मागच्या महिन्यात मोठ्या माणसांच्या डायपरच्या चार पेट्या आल्या. त्यातल्या दोन पेट्यांमधल्या चिकटपट्ट्या लावल्यावर दहा मिनिटांत सुटायला लागल्या. वितरक म्हणाला, फोडलेली पेटी परत घेत नाही. पेटी फोडल्याशिवाय पट्टी सुटते हे कळणार कसं, याचं उत्तर त्यानं आजतागायत दिलेलं नाही. त्या रागातच लिहायला बसले आहे.

पुण्यात धायरीला आमचं १८ खाटांचं, वयस्कर माणसांच्या शुश्रूषेचं नर्सिंग होम आहे. ११ जणांना डायपर लागतं. माणशी दिवसाला तीन-चार धरले तर महिन्याला हजार ते तेराशे नग होतात. नगामागे दोन रुपये वाचले तरी एका मावशींच्या आठवड्याच्या पगाराएवढे पैसे सुटतात, म्हणून मी भावाला चिकट आहे. गेल्या जूनमध्ये सदाशिव पेठेतल्या घाऊक दुकानांत फिरून, वर ‘१२ तास’ छापलेलं, ३१ रुपये नगाचं डायपर ठरवलं. घेण्याआधी त्यात मोजून पाणी ओतलं. अर्धा लिटर सहज जिरलं आणि मी खूश झाले.

ती चाचणी चुकीची होती. डायपरच्या आतली शोषणारी पावडर साधं पाणी भरपूर ओढते, पण मीठ असलं की तिची ताकद बरीच कमी होते, आणि लघवीत क्षार असतातच. आता मी लिटरभर पाण्यात ९ ग्रॅम मीठ घालून बघते. ओतून झाल्यावर वर टिपकागद दाबायचा. तो ओला झाला तर कातडीही ओलीच राहणार.

तरी पहिले तीन महिने मी या डायपरवर समाधानी होते. गळती कमी, चादरी कमी, धुलाई कमी. मत बदललं ते चार नंबरच्या खोलीतल्या आजींमुळे. त्या आल्या तेव्हा “मावशी, मला जायचंय” असं सांगायच्या. धरून नेलं की बाथरूमला व्हायचं, डायपर फक्त रात्रीपुरतं आणि घाईच्या वेळेसाठी. सप्टेंबरात माझ्या लक्षात आलं की आजी सांगतच नाहीत. मावशींना विचारलं तर त्या रडवेल्या झाल्या. या डायपरची पट्टी एकदा लावली की उघडताना बाहेरचं प्लास्टिक फाटतं. बाथरूमला न्यायचं म्हणजे कोरडं डायपर वाया, आणि नग मोजणारी मी. म्हणून त्या म्हणायला लागल्या होत्या, “आजी, डायपर आहे ना, त्यातच करा.” दोष मावशींचा नाही. मी वाचवलेल्या रुपयांनी आजींची सवय मोडली होती.

तेव्हापासून मी आधी पट्टी बघते, बाकी सगळं नंतर. ऑक्टोबरपासून कापडासारख्या आवरणाचं, हुकासारखी पट्टी असलेलं, ३९ रुपयांचं डायपर घेते. चार-पाच वेळा उघडलं तरी ते पुन्हा नीट बसतं. जे सांगू शकतात त्यांना दर दोन-तीन तासांनी आणि जेवणानंतर बाथरूमला नेतो. चार नंबरच्या आजींना दिवसाला चार लागायची, आता दोन लागतात. नगाला आठ रुपये जास्त देऊनही त्यांचा खर्च उतरला. जे पूर्ण अंथरुणावर आहेत त्यांचा मात्र वाढलाच, हेही सांगते.

पॅन्टसारखी डायपर मला आधी पैशांची नासाडी वाटायची. चालत्या आजोबांसाठी आता तीच घेते, कारण ते स्वतः खाली-वर करतात. संडास झालेल्या, झोपून असलेल्या माणसाला मात्र टेपचंच हवं.

नातेवाइकांना एक विनंती. ‘मोठा साइज बरा’ म्हणून आणू नका. मांडीजवळ फट राहते आणि तिथूनच गळतं. कंबर आणि नितंब मोजा, जे माप जास्त भरेल त्यावरून घ्या. एकावर एक दोन डायपर लावायला सांगू नका, आतल्याच्या प्लास्टिकमधून बाहेरच्यात काही जात नाही, नुसती उकड वाढते. आणि गळतं म्हणून पाणी तोडू नका. घट्ट लघवीनं आग जास्त होते. एकाएकी गळती वाढली तर डॉक्टरांना दाखवा. आमच्याकडे एका आजोबांना जुलाब समजून डायपर वाढवली होती. निघाला खडा झालेला मळ, त्याच्या कडेनं पातळ झिरपत होतं.

कातडीसाठी कोमट पाणी, टिपून कोरडं करणं आणि झिंक ऑक्साइडचं मलम अगदी पातळ. जाड थर डायपरला लागतो आणि लघवी शोषली जात नाही. अंगाला लावायच्या पावडरचे गोळे होतात, ती आम्ही बंद केली.

वापरलेली डायपर कागदात गुंडाळून लाल खूण करूनच घरोघरचा कचरा नेणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या ताईंकडे द्या, त्या हातानं कचरा वेगळा करतात. बिलही तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून डायपरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे.

त्या दोन पेट्या अजून पडून आहेत. कडा कापून खाटेवर अंडरपॅड म्हणून संपवतो आहोत. आता माल आला की टेम्पोवाल्याला चहा देऊन थांबवते, प्रत्येक पेटीतला एक नग काढून पट्टी तीनदा लावते, तीनदा उघडते, आणि मगच चलनावर सही करते.