मिरिसा की त्रिंकोमाली: देवमासे आणि समुद्रपक्षी बघायला श्रीलंकेत कुठली बोट धरावी

आधी कॅलेंडर उघडा, निम्म्या लोकांचा निर्णय तिथेच होऊन जातो. मिरिसाचा मोसम नोव्हेंबर ते एप्रिल. मे उजाडला, नैर्ऋत्येचे वारे लागले की दक्षिण किनारा खवळतो. त्रिंकोमाली पूर्वेला असल्याने तिथलं गणित उलटं आहे. ईशान्य मोसमी पावसात तिथे समुद्र वाईट असतो, मार्चपासून ऑगस्टपर्यंत शांत. नाताळात जाणार असाल तर मिरिसा, मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जाणार असाल तर त्रिंकोमाली. दिवाळीत मात्र दोन्हीकडचा भरवसा देता येत नाही. खरा प्रश्न उरतो तो मार्च-एप्रिलचा, कारण तेव्हा दोन्ही किनारे चालू असतात. पुढचं सगळं त्या दोन महिन्यांसाठी.

निळा देवमासा दोन्हीकडे दिसतो. मिरिसाला भूखंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, अगदी अरुंद असल्याने थोड्याच वेळात बोट खोल पाण्यावर पोचते. त्रिंकोमालीला तर समुद्रतळावरची खोल दरी थेट बंदराच्या तोंडापर्यंत आत आलेली आहे. दिसण्याच्या शक्यतेत मिरिसाचं पारडं थोडं जड धरायला हरकत नाही. स्पर्म व्हेल हवा असेल तर मी त्रिंकोमालीकडे झुकेन. त्याचा फवारा बुटका, झुडपासारखा आणि पुढे डावीकडे कललेला असतो. निळ्याचा सरळ उंच खांब उठतो. एवढा फरक लक्षात ठेवला तर लांबूनही ओळख पटते.

बोटींमध्ये मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. मिरिसाला दोन मजली मोठ्या लाँच असतात. वर सावली, खाली शौचालय, वाटेत नाश्ता. त्रिंकोमालीला उप्पुवेली किंवा निलावेलीच्या वाळूवरून गुडघाभर पाण्यात उतरून फायबरच्या छोट्या होडीत चढायचं. मागे आउटबोर्ड इंजीन, माणसं सहा-आठ, डोक्यावर बहुतेक वेळा काहीच नाही आणि शौचालयाचा प्रश्नच नाही. उंचीचा हिशोबही मिरिसाच्या बाजूने जातो. वरच्या डेकवर डोळा पाण्यापासून 6 मीटरवर असेल तर क्षितिज जवळजवळ 9 किलोमीटरवर असतं, होडीत 2 मीटरवरून ते 5 किलोमीटरवर येतं. लांबचा फवारा आधी दिसतो तो मोठ्या लाँचवाल्यालाच.

इतकं सगळं असूनही माझं मत त्रिंकोमालीला जातं, आणि त्याचं कारण एकच आहे: मिरिसाची शर्यत.

निळा देवमासा वर येतो तेव्हा आधी पाण्याखाली फिकट निळसर-हिरवी सावली उजळते. मग फवारा. मग लांबच लांब पाठ सरकत राहते आणि अगदी शेवटी, शेपटीजवळ, इवलासा पाठीवरचा पर दिसतो. असं काही वेळा होतं. मग एका खेपेला पाठ आधीपेक्षा जास्त उंच कमानदार होते. ती कमान म्हणजे बुडी. कॅमेरा तेव्हाच डोळ्याला हवा. श्रीलंकेतले निळे बऱ्याचदा शेपटीही उचलतात. त्यानंतर पाण्यावर गुळगुळीत गोल डाग राहतो आणि साधारण 10 मिनिटं काही नाही. हे सगळं नीट बघायचं तर बोटीने बाजूने, किंचित मागून, देवमाशाला समांतर यायचं, किमान 100 मीटर अंतर ठेवायचं आणि इंजीन न्यूट्रलवर टाकायचं.

गर्दीच्या दिवशी मिरिसाला याच्या नेमकं उलट घडतं. एका बोटीला फवारा दिसला की फोनाफोनी होते आणि बाकीच्या तिकडे वळतात. मधली 10 मिनिटं सगळे अंदाज बांधत थांबतात. तो वर आला रे आला की एकदम गिअर, एकदम काळा धूर, आणि जी बोट पुढून आडवी जाते तिलाच जवळचं दृश्य. देवमासा अर्धवट श्वास घेऊन लवकर बुडतो. लांबच्या बोटींच्या वाट्याला फक्त मागून शेपटी. मंद गतीत मागचा वारा असला की डिझेलचा धूर खालच्या मजल्यावर कोंडतो, आणि ज्याला एरवी बोट लागली नसती त्यालाही लागते. शांत दिवस मिळाला, समजूतदार नाखवा मिळाला तर मिरिसा सुंदरच आहे. पण तो मिळेलच असं तिकीट काढताना कोणी सांगू शकत नाही.

त्या प्राण्यांच्या वाट्याला तिथे आधीच पुष्कळ आहे. मिरिसाजवळच्या दोंद्रा टोकाच्या दक्षिणेकडून जगातल्या अतिशय गजबजलेल्या जहाजमार्गांपैकी एक जातो, नेमका त्यांच्या चरण्याच्या पट्ट्यातून, आणि धडकेने देवमासे मरतात. 2022 मध्ये एमएससी या मोठ्या कंपनीने आपली जहाजं आणखी दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली, ही चांगलीच गोष्ट झाली. निदान पर्यटकांच्या बोटींनी तरी त्यात भर घालू नये.

पक्ष्यांसाठी जाणाऱ्याला तर ही शर्यत फारच महागात पडते. शियरवॉटर ताठ पंखांनी लाटेच्या पोटातून सरकतो, क्षणभर दिसतो आणि लाटेआड जातो. सुरयांच्या मागे लागून त्यांच्या चोचीतला मासा हिसकावणारा येगर असाच अचानक येतो. ट्यूनाच्या थव्यावर सुरय कोसळताना दिसले, तर तिथे इंजीन बंद करून थांबायला हवं. खाली बहुधा स्पिनर डॉल्फिनही असतात. मोठी लाँच यासाठी थांबत नाही, कारण बाकीच्यांनी पैसे देवमाशासाठी दिलेले असतात. उंच डेकवरून पक्षी लाटांमध्येही नजरेतून सुटत नाही, हा मिरिसाचा फायदा मान्य. पण होडीतून तो डोळ्याच्या पातळीवर येतो, फोटोत पाण्याऐवजी आकाश मागे मिळतं, आणि मुख्य म्हणजे नाखव्याला 'थांबव' म्हणता येतं.

उजेडाचं गणितही वेगळं. मिरिसाहून सकाळी बोट दक्षिणेला निघते, सूर्य डावीकडे असतो. म्हणून जाताना उजवी बाजू धरावी. त्रिंकोमालीहून पूर्वेला, म्हणजे सूर्याच्या तोंडातच जायचं असतं. पाठीमागून उजेड आल्याने फवारा झळकतो, पण फोटो काळे येतात. चांगले फोटो परतीच्या वाटेवर मिळतात, तेव्हा सगळी मेमरी जाताना संपवू नका. शटर 1/1600 च्या खाली नको. होडीत 100-400 लेन्स पुरते, 600 हातात ठरत नाही, ट्रायपॉड दोन्हीकडे निरुपयोगी. दुर्बीण 8 पटीची. 10 पटीची हलत्या बोटीत नुसती थरथरते.

बोट लागण्याची गोळी निघण्याच्या तास-दीड तास आधी घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर नाही. पोट रिकामं नको, तेलकटही नको. तारकर्लीच्या डॉल्फिन फेरीत काही झालं नाही म्हणून निर्धास्त राहू नका. ती किनाऱ्यालगतची तासाभराची फेरी, ही उघड्या समुद्रातली निम्मी सकाळ.

आजी-आजोबा, लहान मुलं, पाठीचं दुखणं असलेलं कोणी बरोबर असेल तर मिरिसाच. होडी लाटेवर आपटते आणि सावली नसते. कोलंबोहून मिरिसा महामार्गाने तीन तासांत गाठता येतं, त्रिंकोमालीला जवळपास अख्खा दिवस जातो. एकच सकाळ हातात असेल तर तेही मिरिसाच्याच बाजूने. त्रिंकोमालीला जायचं तर दोन सकाळी राखून ठेवा, कारण एखादी कोरी जाऊ शकते.

तिथे पैसे ठरवण्याआधी नाखव्याशी चार गोष्टी बोलून घ्या: सहाच्या आत निघायचं, चारपेक्षा जास्त माणसं घ्यायची नाहीत, प्रत्येकाला लाइफ जॅकेट, आणि देवमासा दिसला की 100 मीटरवर इंजीन न्यूट्रल. पाण्यात उतरवून देवमाशाजवळ नेतो असं कोणी म्हणाला, तर दुसरी होडी बघा.