वंशावळीत आजी-पणजी शोधून देणारी सेवा

आमच्या घराण्याची वंशावळ तयार करण्याचे काम गेल्या वर्षी गोव्यातील फोंड्याच्या एका खासगी सेवेकडे सोपवले. बारा हजार रुपये आणि चार महिने असे ठरले होते. प्रत्यक्षात सहा महिने लागले.

पहिला मसुदा पाहून मी फार निराश झाले. सात पिढ्यांतील पुरुष नावानिशी होते आणि त्यांच्याशेजारी सर्वत्र ‘पत्नी’ एवढाच शब्द. सारा शोध कोमुनिदादीच्या, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेच्या कागदांवर बेतलेला होता. तेथे गावकर, म्हणजे सभासद म्हणून नोंद व्हायची ती पुरुषाची, त्यामुळे त्या वाटेने बायका सापडणारच नव्हत्या. मी मसुदा परत केला आणि फक्त स्त्रियांसाठी पुन्हा शोध घेण्याची विनंती केली. जादा पैसे न घेता त्यांनी ती मान्य केली.

या दुसऱ्या फेरीसाठी मी त्यांची मनापासून शिफारस करते. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली. तिच्यानुसार वेगळा करार नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जात असे आणि मुलीही वारस ठरत. म्हणून कर्ता वारल्यावर होणाऱ्या इन्व्हेंटरीच्या, म्हणजे वारसवाटणीच्या कागदांत विधवेचा जबाब आणि मुलींची नावे त्यांच्या नवऱ्यांसह येतात. पणजोबांच्या इन्व्हेंटरीत पणजीचे नाव मिळाले, माहेरचे गाव मिळाले, आणि दागिन्यांच्या यादीत ‘एक नथ, एक मोती गळालेला’ अशी नोंदही मिळाली. जबाबाखाली सही नाही. लिहिता येत नसल्याचा पोर्तुगीज शेरा आहे. त्या शेऱ्याचे मराठी भाषांतर त्यांनी हातात दिले, तेव्हा तो कागद मला लवकर खाली ठेववेना.

एक चूक मात्र गंभीर होती. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलते, याचा विचार न केल्यामुळे माहेरच्या कागदांतील पणजी आणि सासरच्या कागदांतील पणजी अशा पणजोबांच्या दोन बायका त्यांनी दाखवल्या होत्या. मी आजोबांच्या हातची तर्पणाची वही नेऊन दाखवली. तर्पणात आईबरोबर सापत्न मातेलाही पाणी देतात, आणि आजोबांच्या वहीत सापत्न मातेची जागा कोरी होती, म्हणजे पणजोबांची बायको एकच. त्याच वहीत पितामही, प्रपितामही आणि आईकडच्या तीन पिढ्यांतील स्त्रियाही नाव-गोत्रासह लिहिलेल्या निघाल्या. ज्या घरांत श्राद्धपक्ष चालतो तेथे अशी वही किंवा ती नावे पाठ असलेले भटजी असतात. या संशोधकांनी पहिल्याच भेटीत त्याची चौकशी करायला हवी होती. काम सोपवणाऱ्यांनी ती वही, जुन्या लग्नपत्रिका आणि माहेरच्या कुलदेवतेचे नाव आपणहून द्यावे.

अंतिम वंशावळीत चौदा स्त्रिया नावानिशी आहेत. मूळ पोर्तुगीज कागदांच्या प्रती भाषांतरासह जोडल्या आहेत, आणि पणजीच्या चौकटीत माझ्या आग्रहाप्रमाणे माहेरचे नाव आधी आणि सासरचे त्याखाली छापले आहे.