सीबीपी रोम ॲप: पहिल्या बंदरात चोख, पुढे तुमचं तुम्ही बघा

परदेशी झेंड्याची बोट घेऊन अमेरिकेत शिरलात की आगमनाची वर्दी लगेच द्यावी लागते. 'उद्या सकाळी बघू' चालत नाही. ही वर्दी मोबाइलवरून देता यावी म्हणून अमेरिकेच्या सीमा आणि जकात खात्याने, कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शनने म्हणजे सीबीपीने, रोम हे फुकट ॲप काढलं. २०१८ मध्ये जुन्या स्मॉल व्हेसल रिपोर्टिंग सिस्टीमची जागा त्याने घेतली. ॲप कामाचं आहे, यात वाद नाही. पण ते सगळंच उरकून देतं असं समजणारा कप्तान गोत्यात येतो.

आधी जमेची बाजू. बोटीवरच्या सगळ्यांचे पासपोर्ट आणि बोटीचा तपशील निवांत वेळी भरून ठेवता येतो. धक्क्याला लागल्यावर किंवा नांगर टाकल्यावर ठिकाण टाकायचं, फेरीबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि अर्ज पाठवायचा. अधिकारी तो तपासतो, गरज वाटली तर व्हिडिओ कॉल लावतो. निकाल ॲपवर आणि ईमेलवर येतो. तो येईपर्यंत पिवळा क्यू झेंडा, म्हणजे तपासणी बाकी असल्याची खूण, उतरवू नका, कुणाला किनाऱ्यावर पाय ठेवू देऊ नका. आय-९४ (परदेशी माणसाच्या प्रवेशाची नोंद) आणि क्रूझिंग लायसन्स (परदेशी बोटीला अमेरिकेत फिरण्याचा परवाना) यांची सोयही आता ॲपमध्ये आहे. तरीही अधिकाऱ्याने कचेरीत बोलावलं तर जावंच लागतं, त्यामुळे मूळ कागद आणि आधीच्या देशाचा बंदर सोडल्याचा दाखला हाताशी हवा.

घोळ होतो तो लॉगिनला. ॲपला लॉगिन डॉट गव्हचं, म्हणजे अमेरिकी सरकारच्या सामायिक लॉगिन सेवेचं, खातं लागतं आणि त्याला पासवर्डशिवाय दुसरी ओळखही द्यावी लागते. ती एसएमएसवर ठेवली आणि जुनं सिम अमेरिकेत बंद पडलं, की कोड येतच नाही. बोट धक्क्याला, माणसं आत अडकलेली आणि कप्तान फोन वर धरून रेंज शोधतोय! म्हणून आधीच्या बंदरातच ऑथेंटिकेटर ॲप (एसएमएसशिवाय फोनवरच कोड देणारं) जोडा आणि बॅकअप कोड कागदावर उतरवून ठेवा. कॅमेरा आणि लोकेशनची परवानगीही तेव्हाच देऊन टाका. तरी नाहीच जमलं तर सरळ फोनवर वर्दी द्या. त्या भागातल्या सीबीपी कचेरीचा नंबर लॉगबुकात लिहिलेला असावा. ॲप चाललं नाही, ही सबब ऐकून घेतली जात नाही. वर्दी चुकवल्याचा दंड पहिल्या वेळी ५,००० डॉलर, त्यापुढे दर वेळी १०,०००.

व्हिसाच्या बाबतीत ॲप काहीच वाचवू शकत नाही. एस्टावर, म्हणजे व्हिसाशिवाय प्रवेशाच्या ऑनलाइन परवानगीवर, विमानाने येणारा युरोपीय माणूस त्याच एस्टावर स्वतःच्या बोटीने येऊ शकत नाही, कारण ती सवलत करारबद्ध वाहतूक कंपन्यांमधून येणाऱ्यांनाच आहे. त्याला बी-१/बी-२ हा पाहुण्यांचा व्हिसा आधीच काढावा लागतो.

खरी मेख क्रूझिंग लायसन्समध्ये आहे. ब्रिटन, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा ठरावीक देशांच्या बोटींना ते मिळतं. ते असलं की पहिल्या बंदरानंतर प्रत्येक ठिकाणी औपचारिक एंट्री-क्लिअरन्स करत बसावं लागत नाही. लायसन्स नसेल तर बंदर बदलताना दर वेळी परमिट टू प्रोसीड, म्हणजे पुढच्या बंदराला जाण्याची परवानगी, काढा. पण सुटते ती कागदपत्रांची कटकट, वर्दी नव्हे. पुढच्या प्रत्येक बंदरात पोचल्यावर जवळच्या कस्टम्स कचेरीला २४ तासांत कळवावंच लागतं, कचेरी बंद असलेले दिवस वगळून. ॲपवर 'मंजूर' दिसल्यावर नेमकं हेच डोक्यातून निघून जातं. म्हणून लायसन्स देणाऱ्या अधिकाऱ्यालाच विचारून घ्या, पुढची वर्दी कोणत्या नंबरावर आणि कशी द्यायची. दिलीत की तारीख, वेळ आणि बोलणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव लॉगबुकात टिपा. वर्दी दिलीच नाही असं कुणी म्हणालं तर तीच नोंद दाखवता येते.

३० फूट आणि त्यापुढच्या बोटींच्या वार्षिक डेकलचं (शुल्क भरल्याच्या स्टिकरचं) काम सीबीपीच्या डीटीओपीएस या वेगळ्याच संकेतस्थळावर चालतं. त्याची चौकशी आधीच करून टाका.

क्रूझिंग लायसन्स जास्तीत जास्त एक वर्षाचं असतं. ते संपल्यावर किंवा परत केल्यावर नवं मिळायला किमान १५ दिवस जावे लागतात आणि बोट पुन्हा परदेशी बंदरातून यावी लागते. लायसन्स संपण्याची तारीख ॲपच्या भरवशावर न सोडता चार्ट टेबलावर चिकटवून ठेवा.