मोफत विधी सेवेचा रिव्ह्यू: घटस्फोट, पोटगी आणि मुलाचा ताबा यासाठी आम्ही गेलो तेव्हा

रेटिंग पाचपैकी चार, एक स्टार का कापला ते पुढे लिहिलंय. माझ्या धाकट्या बहिणीसाठी आम्ही आमच्या जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात गेलो होतो. केस अजून चालू आहे म्हणून जिल्ह्याचं नाव लिहीत नाही, पण हे ऑफिस प्रत्येक जिल्ह्याच्या कोर्टात असतं आणि तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती असते, त्यामुळे कुठलीही बाई जवळच्या कोर्टात जाऊन विचारू शकते.

आधी सगळ्यात महत्त्वाचं, कारण हे सुशिक्षित घरांतही माहीत नसतं. मोफत वकील म्हणजे फक्त रेशनकार्ड पिवळं असेल त्यांना, असं सगळे धरून चालतात. तसं अजिबात नाहीये. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला आणि लहान मुलांना उत्पन्नाची अटच नाही. माहेरचं चांगलं असो, स्वतःला पगार असो, तरी हक्क आहे. पुरुषांना मात्र उत्पन्नाची मर्यादा बघतात, काही गट सोडून, म्हणजे अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीत असलेले वगैरे. हेल्पलाईनचा नंबर १५१०० आहे, तिथेही विचारता येतं, पण माझं मत प्रत्यक्ष जा, समोर बसून कागद दाखवून जे कळतं ते फोनवर कळत नाही.

हे मी अनुभवावरून सांगतेय कारण त्याआधी बहिणीने फोनवर वकिलाचा सल्ला देणाऱ्या एका ऑनलाईन सेवेवर पैसे भरले होते, मिनिटाच्या हिशोबाने. तिकडच्या माणसाने नवऱ्याकडून आलेली नोटीस न वाचताच सांगितलं की आधी पोलिसात ४९८, म्हणजे सासरच्या छळाची तक्रार, टाका, मग समोरचे सरळ येतील, आणि पोरगा शंभर टक्के तुमच्याकडेच राहणार. ती फोन ठेवल्यावर आणखीनच घाबरली, कारण तिला पोलिसात जायचंच नव्हतं, तिला फक्त विचारायचं होतं की माझं बाळ माझ्याकडून काढून घेतील का. साध्या प्रश्नाला साधं उत्तर न देता माणसाला केसमध्ये ढकलणं मला फार चुकीचं वाटतं, त्यात लहान मूल असेल तर जास्तच.

तर विधी सेवेच्या ऑफिसात काय झालं ते सांगते. साधा फॉर्म भरायचा, आधार कार्ड, लग्नाचा पुरावा, मुलाचा जन्मदाखला, आलेली नोटीस, एवढ्याच्या झेरॉक्स. त्या दिवशी सल्ल्याला ज्या वकील मॅडम बसल्या होत्या त्यांनी नोटीस दोनदा वाचली, आणि एका कोऱ्या कागदावर तीन चौकोन काढले. एकात लिहिलं लग्न, दुसऱ्यात पैसे, तिसऱ्यात मूल. म्हणाल्या, "हे बघा ताई, हे तीन वेगळे प्रश्न आहेत, तुम्ही तिन्हींची एक भीती करून बसलाय. घटस्फोट न मागतासुद्धा पोटगी मागता येते, घटस्फोट झाला तरी मुलगा दोघांचाच राहतो." तो कागद बहिणीने पर्समध्ये ठेवलाय आणि मला वाटतं आमच्या घरात त्या दिवशी रात्री पहिल्यांदा नीट जेवण झालं.

नोटीस होती नांदायला येण्याची. पंधरा दिवसांत मुलाला घेऊन या नाहीतर घटस्फोटाचा दावा लावू आणि ताबा मागू. आमच्या बाबांनी ती कोर्टाचीच समजून हाय खाल्ली होती. मॅडमनी समजावलं की वकिलाच्या लेटरहेडवरची नोटीस म्हणजे त्या वकिलाचं पत्र आहे, कोर्टाचा आदेश नाही, तिला उत्तर द्यायचं, शांतपणे आणि लेखी. कोर्टाचं समन्स आलं तर मात्र तारीख चुकवायची नाही, नाहीतर एकतर्फी निकाल होतो. आणि उद्या त्यांनी नांदायला येण्याचा दावा जिंकला तरी पोलीस येऊन बाईला ओढून नेत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने असंही सांगितलंय की असा हुकूम असूनही बाई गेली नाही, आणि न जाण्याला तिच्याकडे योग्य कारण असेल, तर तेवढ्यावरून तिची पोटगी जात नाही.

आता मुलाचं. भाचा चार वर्षांचा आहे. सासरकडून सतत ऐकवलं जायचं की तुला नोकरी नाही, तुझ्या नावावर घर नाही, पोरगा आम्हालाच मिळणार. हे वाक्य किती घरांत बायकांना ऐकवतात आणि किती जणी त्यापायी गप्प बसतात हे मी आजूबाजूला बघितलंय. मॅडमनी सांगितलेलं जसं समजलं तसं लिहिते. हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा १९५६ चा आहे, त्यात पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहावं असं आहे. पण पाच पूर्ण झाले की आपोआप बापाकडे जातं असंही नाही. कोर्ट बघतं ते मुलाचं हित. शाळा, रोजची देखभाल, सवय, घरातलं वातावरण, आतापर्यंत त्याचं सगळं कोण करत होतं. आईचा पगार कमी म्हणून ताबा जात नाही, कारण मुलाचा खर्च बापाने द्यायचा असा आदेश होऊ शकतो. मूल थोडं मोठं असेल, स्वतःचं म्हणणं नीट सांगू शकत असेल, तर जज त्याला विचारतात पण त्याला ठराविक वयाची रेघ कायद्यात नाही आणि मूल म्हणेल तसंच होईल असंही नाही. आणि कोर्टाचा आदेश नसताना आईने स्वतःचं लेकरू माहेरी आणलं म्हणून ते अपहरण होत नाही, ही धमकी पण आम्हाला फोनवर दिली गेली होती.

पण मॅडमनी दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट सांगितली आणि इथेच माझा विश्वास बसला. आमची आई म्हणाली की पैसे देत नाही तर पोराचं तोंडपण दाखवायचं नाही. मॅडम म्हणाल्या, "आजी, असं करू नका. पोटगी थकली तर वसुलीचा अर्ज टाकू, पण भेटीचा आदेश असेल तर भेट द्यायचीच. पोराला बाप पण लागतो." आईला ते आवडलं नाही, घरी येऊन दोन दिवस धुसफुसत होती, पण बरोबर होतं ते. वडिलांना भेटीचा हक्क असतो, शनिवार-रविवार, सुट्टीतले दिवस, लांब असतील तर व्हिडिओ कॉल, हे सगळं अर्जात लिहून ठरवता येतं, आणि परिस्थिती बदलली तर ताब्याचा आदेशही बदलून मागता येतो.

पोटगीबद्दल. बहिणीचा नवरा धंदा करतो आणि रिटर्नमध्ये अगदी थोडं दाखवतो. त्यावर सांगितलं की २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून दोघांनाही आपापल्या उत्पन्नाचं, मालमत्तेचं आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, त्यात बँक खाती, गाड्या, घर, खर्च सगळं येतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात, निकालाच्या तारखेपासून नाही. म्हणून अर्ज टाकायला उशीर करायचा नाही. आपल्याकडचे कागद आत्ताच जमवा, त्याच्या दुकानाचा फोटो, जीएसटीची पावती, गाडीचा नंबर, मुलाच्या फीच्या पावत्या, लग्नातल्या दागिन्यांची बिलं. अंतरिम, म्हणजे केस चालू असतानाच्या पोटगीचा अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं कायद्यात आहे, प्रत्यक्षात जास्त लागतात हे त्यांनी लपवलं नाही. पोटगीचा जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतला कलम १२५ चा अर्ज आता जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १४४ झालाय, कोणी अजून १२५ म्हणत असेल तर गोंधळू नका. आणि हो, नोकरी नसलेल्या नवऱ्यालासुद्धा हिंदू विवाह कायद्याखाली बायकोकडून अंतरिम पोटगी मागता येते, हे ऐकून आम्ही सगळेच चकित.

केस कुठे टाकायची हाही मोठा प्रश्न होता कारण सासर दुसऱ्या जिल्ह्यात. पत्नी ज्या ठिकाणी राहते तिथल्या कोर्टात ती घटस्फोटाचा अर्ज टाकू शकते, २००३ मध्ये ही दुरुस्ती झाली, आणि कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्ज तर ती तात्पुरती राहते तिथेही चालतो. त्या २००५ च्या कायद्यात राहत्या घराचा हक्क, खर्च आणि मुलाचा तात्पुरता ताबा हे एकाच अर्जात मागता येतं. हा कायदा आणि १४४ ची पोटगी कुठल्याही धर्माच्या बाईला आहे. घटस्फोटाचे नियम मात्र धर्माप्रमाणे वेगळे, ख्रिश्चन, मुस्लिम, पारशी, रजिस्टर लग्न, ज्याचं त्याचं वेगळं, म्हणून शेजारणीची केस बघून स्वतःचं ठरवू नका.

परस्पर संमतीचा घटस्फोट, म्हणजे ज्याला सगळे म्युच्युअल म्हणतात, त्याबद्दल पण विचारलं. अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं पाहिजे, एकाच घरात राहून नवरा-बायकोसारखं राहत नसतील तरी ते वेगळं राहणंच धरतात. मग पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत दुसऱ्यांदा दोघांनी हो म्हणायचं, तोपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं. हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, २०१७ चा निकाल आहे, पण आधीच दीड वर्ष वेगळे राहून झालेलं असेल, समेटाचे प्रयत्न फसले असतील आणि पोटगी-ताबा सगळं ठरलेलं असेल तर. व्हॉट्सॲपवर २०२३ चा एक निकाल फिरतो की आता लगेच घटस्फोट मिळतो, तो अधिकार फक्त सुप्रीम कोर्टाचा आहे, घटनेच्या कलम १४२ खाली, आपल्या इथल्या कोर्टाला तसं करता येत नाही. मॅडमचा सल्ला होता की म्युच्युअल करताना मुलाच्या गोष्टी मोघम ठेवू नका. "सोयीनुसार भेट" असं लिहिलं की पुढे दर सणाला भांडण होतं, गणपतीत कुठे, दिवाळीत कुठे, मे महिन्यात किती दिवस, शाळेची फी कोण कधी भरणार, हे तारखांसकट लिहा.

आता तो कापलेला स्टार. सल्ला उत्तम मिळाला, पण केससाठी जे पॅनलवरचे, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतले, वकील नेमून मिळाले ते फोन उचलायचे नाहीत, एकदा तर आम्हाला न कळवता तारीख घेतली, बहीण चार वर्षांच्या पोराला घेऊन कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून राहिली. शिवाय त्यांच्या क्लार्कने टायपिंगचे म्हणून पैसे मागितले. ते द्यायचे नसतात. वकिलाची फी, कोर्ट फी, टायपिंग, नकला हा खर्च मोफत सेवेतच येतो. पॅनलच्या वकिलांना मानधन कमी मिळतं आणि कामं भरपूर असतात हे मला कळतं, पण ज्या बाईने कोर्ट आयुष्यात पहिल्यांदा बघितलंय तिच्याशी दोन शब्द बोलायला मानधन लागत नाही. आम्ही सचिवांकडे लेखी अर्ज दिला, सचिव स्वतः न्यायाधीश असतात, आणि वकील बदलून मिळाले. बदलून मागायचा हक्क आहे पण ऑफिसात कुठेही तसा बोर्ड नाही, हे चुकीचं आहे, दारातच लावायला पाहिजे. आणि लहान मुलं घेऊन येणाऱ्या बायका इतक्या असतात तर एक सतरंजी आणि पिण्याचं पाणी तरी असावं.

ज्यांच्या गावात फॅमिली कोर्ट आहे, म्हणजे मुंबई, पुणे, नागपूर वगैरे, त्यांना तिथे विवाह समुपदेशक पण भेटतात, तिथे बोलताना मन मोकळं करायला हरकत नाही, पण समजुतीच्या कागदावर सही करण्याआधी तो आपल्या वकिलाला दाखवा. फॅमिली कोर्टात वकील लावणं हा हक्क धरला जात नाही, कोर्टाची परवानगी लागते, ती साधारण मिळते, म्हणून वकीलपत्राबरोबर तो अर्जही द्यायला सांगा.

जाताना सकाळी लवकर जा, दुपारनंतर वकील बोर्डावरच्या केसेसमध्ये अडकतात. प्रश्न घरून लिहून न्या कारण तिथे गेल्यावर रडू येतं आणि निम्मं विसरतं. सोबत एकच शांत माणूस न्या, सगळं खानदान नको. कुठलेही मूळ कागद कोणाकडे ठेवू नका, झेरॉक्सच द्या, आणि अर्ज दिला की पोच घ्या, आवक शिक्का मारलेली.