मोर्टेराच हिमनदीची वाट: पायाखालचं वाचत जा

स्वित्झर्लंडला येणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला मी ही वाट दाखवते. मोर्टेराच स्थानकावर उतरलं की लगेच सुरू होते, तिकीट नाही. हिमनदीचं टोक कोणत्या साली कुठं होतं, ते फलकांवर दिसतं. १८७८ पासून ती सुमारे ३ किलोमीटर मागे हटली आहे.

पण खरी मजा जमिनीत आहे! बर्फानं टाकलेल्या ढिगात कोनदार धोंडे आणि पिठासारखा बारीक गाळ एकत्र कालवलेला. तोच माल ओढ्यानं पुन्हा वाहून नेला की गोटे गोलसर होतात, वाळू वेगळी बसते. स्थानकाजवळच्या जुन्या गाळावर लार्च या सूचिपर्णी झाडांचं रान उभं आहे, वर हिमनदीकडे मात्र उघडा राखाडी गाळ. मुलांना जरूर न्या. बूट मात्र भक्कम हवेत.