क्विटोची टिपवर चालणारी वॉकिंग टूर: काही महिने वापरल्यानंतर

कामानिमित्त इक्वाडोरच्या राजधानीतला, क्विटोतला मुक्काम लांबला आणि पुण्या-मुंबईहून येणारा प्रत्येक पाहुणा माझ्याच गळ्यात पडू लागला. त्यामुळे जुन्या शहरातली ही पायी सफर वेगवेगळ्या गाइडांबरोबर पुन्हापुन्हा झाली, आणि नंतर गाइडशिवायही तेच रस्ते पालथे घातले. माझं मत: पहिल्या सकाळसाठी झकास, पण तेवढ्यावर भागवू नका. पाचपैकी साडेतीन.

आधी तब्येतीचं. क्विटो २,८५० मीटर उंचीवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून बाराशे मीटर वर. विमानातून उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी इथले चढ चढलात तर धाप लागते आणि डोकं ठणकतं. एक दिवस जाऊ द्या. विषुववृत्त जवळ असल्याने हवा गार असूनही ऊन चटके देतं. टोपीला नाक मुरडणाऱ्या पाहुण्यांची नाकं सोलून निघालेली पाहिली आहेत. ऑक्टोबर ते मे पाऊस बहुधा दुपारी गाठतो, तेव्हा सकाळचीच वेळ घ्या.

गाइड खुलतात ते प्लासा ग्रांदे या मुख्य चौकात. ६ ऑगस्ट १८७५ रोजी राष्ट्राध्यक्ष गाब्रिएल गार्सिया मोरेनो यांचा इथेच, कारोन्देलेत राजवाड्याच्या दारात, कोयत्याचे वार करून खून झाला. हा प्रसंग सगळेच रंगवून सांगतात. एक पठ्ठ्या तर अभिनयासह. इथे मला काहीच तक्रार नाही.

तक्रार सुरू होते ला कोम्पान्यिया चर्चपाशी. तिकीट वेगळं असल्याने टूर दारातूनच पुढे सरकते. हे चुकवू नका, नंतर स्वतः परत या. जेसुइट या कॅथलिक पंथाच्या पाद्र्यांनी १६०५ मध्ये काम सुरू केलं आणि ते तब्बल १६० वर्षं चाललं. जुन्या गोव्यातलं बॉम जेझुस चर्च, तेही जेसुइटांचंच, त्याच १६०५ साली पुरं झालं होतं. गोव्यात सोन्याचा झगमगाट मुख्यतः वेदीपाशी आहे. इथे भिंती, खांब, कमानी, छत, जिकडे पाहाल तिकडे सोन्याचा वर्ख. आणि एवढं करून १७६५ मध्ये काम संपलं, तर १७६७ मध्ये स्पेनच्या राजाने जेसुइटांना आपल्या साम्राज्यातून हाकललंच. पुरती दोन-तीन वर्षंही भोगायला मिळाली नाहीत बिचाऱ्यांना.

मग येतो सान फ्रान्सिस्कोचा प्रचंड दगडी चौक आणि त्याबरोबर कांतुन्याची गोष्ट. कांतुन्या हा इथला मूळ रहिवासी. चर्चपुढचं अंगण मुदतीत पुरं होईना म्हणून त्याने सैतानाशी आत्म्याचा सौदा केला. सैतानाच्या चेल्यांनी रातोरात काम उरकलं, पण एक दगड बसवायचा राहिला आणि सौदा फिसकटला. गोष्ट फक्कड आहे, दर वेळी हशा पिकतो. पण ती पुन्हापुन्हा ऐकल्यावर खटकू लागतं: श्रेय सगळं सैतानाच्या मजुरांना, आणि ज्यांनी खरंच दगड वाहिले, लाकूड कोरलं त्यांचं नाव कुठेच नाही. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन साधूंनी इथेच सान आन्द्रेस ही शाळा काढून स्थानिकांना चित्रकला आणि कारागिरी शिकवली. पुढे मूळ रहिवासी आणि मिश्रवंशीय कलाकारांच्या हातून जी शैली बहरली, तीच क्विटो शैली. त्यातला कास्पिकारा, म्हणजे मानुएल चिली, हा मूळ रहिवासीच. बेर्नार्दो दे लेगार्दा मिश्रवंशीय; त्याने १७३४ मध्ये घडवलेली पंख असलेली लाकडी मारिया, म्हणजे येशूची आई, या चर्चच्या मुख्य वेदीवर आहे. एल पानेसियो टेकडीवरचा अ‍ॅल्युमिनियमचा अवाढव्य पुतळा तिच्यावरूनच केला, सुमारे ७,००० तुकडे जोडून. गाइड चौकात उभा राहून त्या पुतळ्याकडे बोट दाखवतो, सगळे फोटो काढतात, आणि मूळ मूर्ती पाठीमागच्या चर्चमध्ये न पाहता राहते! लेगार्दाबद्दल मुद्दाम विचारा. विचारलं की बहुतेक गाइड भरभरून बोलतात; आपणहून फार थोडे.

बासिलिका देल वोतो नासिओनाल हे चर्च आमच्या टूरमध्ये लांबूनच दाखवलं. गॉथिक धाटणीचं आहे, पण पन्हाळींच्या तोंडाशी युरोपातल्या राक्षसांऐवजी इग्वाना, कासवं, आर्माडिलो. मनोऱ्यात जायला छताच्या पोकळीतून फळ्यांची वाट आणि मग खड्या शिड्या. आमच्या साठीतल्या मावशी टोकाला जाऊन आल्या. त्यांचा इंजिनिअर मुलगा फळ्यांपाशीच थांबला.

पानेसियोवर चालत जाऊ नका, रस्ता सुरक्षित मानत नाहीत, टॅक्सी करा. चौकापर्यंत यायला मेट्रो सोयीची, सान फ्रान्सिस्को स्टेशन तिथेच आहे आणि तिकीट ४५ सेंट. गर्दीत मोबाइल हातात मिरवू नका.

शाकाहाऱ्यांची उपासमार होत नाही. लोक्रो दे पापा हे बटाट्याचं दाट सूप, वर चीज आणि अ‍ॅव्होकाडो. फक्त पाणी कोंबडीच्या हाडांचं नाही ना, एवढं विचारून घ्या. चीज भरलेला, साखर भुरभुरलेला तळलेला, करंजीसारखा एम्पानादा आमच्याकडच्या सगळ्या पोरांना आवडला. संध्याकाळी ला रोंदा गल्लीत गरम कानेलासो मिळतो. दालचिनी आणि नारान्हिया फळाचा वास छान, पण त्यात दारू असते, हे आजी-आजोबांना आधीच सांगा.

टूर ‘फ्री’ म्हणतात, पण शेवटी टिप द्यायची असते. चांगल्या गाइडला हात आखडता घेऊ नका, त्याची कमाई तीच. २००० सालापासून इथलं चलन अमेरिकी डॉलर आहे, म्हणून लोक शंभराच्या नोटा घेऊन येतात आणि अडकतात. सुट्टे जवळ ठेवा. वीसच्या वरची नोट दुकानदार सहसा घेत नाहीत.